हिरड्यांचा मेंटेनन्स आणि मराठी थकबाकीदार

'मेंटेनन्स' या शब्दाचा शहरी मराठीत रूढ झालेला अर्थ 'सोसायटीला नियमाने भरायची आणि भरताना कुरकुर करायची रक्कम' असा असून, जिन्यातला दिवा, पाण्याचा पंप, लिफ्ट आणि वॉचमन या गोष्टी त्याच रकमेवर चालतात, हे कुरकुर करणाऱ्यांनाही मान्य असते. इमारत एकदा बांधली म्हणजे ती आपोआप उभी राहते असे कोणताही सदनिकाधारक मानत नाही. गच्चीतून पाणी झिरपू लागले की वार्षिक सर्वसाधारण सभेत देखभालीचे महत्त्व तोच सर्वांत मोठ्या आवाजात सांगतो. याच शब्दाला दंतवैद्यकात दुसरा अर्थ आहे. हिरड्यांच्या रोगावरचा मुख्य उपचार संपल्यानंतर रुग्णाने ठरावीक मुदतीने, बहुधा दर तीन महिन्यांनी आणि दात तोंडात आहेत तोवर, करून घ्यावयाची तपासणी व सफाई म्हणजे मेंटेनन्स. पहिल्या अर्थाचा मेंटेनन्स थकवणाऱ्याचे नाव सूचनाफलकावर लागू शकते आणि गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे त्याच्यावर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज चढते. दुसऱ्या अर्थाचा मेंटेनन्स थकवणारा मात्र समाजात उजळ माथ्याने वावरतो, आणि प्रस्तुत विवेचनाचा विषय तो आहे.

या थकबाकीदाराची बाजू समजून घेण्यासाठी प्रथम रोग समजून घेणे भाग आहे. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक अरुंद खोबण असते व निरोगी तोंडात तिची खोली साधारण तीन मिलिमीटरच्या आत असते. दातांवर सतत जमणारा सूक्ष्मजीवांचा चिकट थर, ज्याला दंतवैद्य प्लाक म्हणतात, तो रोजच्या रोज निघाला नाही तर हिरडी लाल होते, सुजते आणि ब्रश लागताच रक्त येते. येथपर्यंत झालेले नुकसान भरून निघते. पुढे मात्र सूज खाली उतरते, दाताला जबड्यात धरून ठेवणारे तंतू तुटू लागतात, हाड झिजते आणि ती खोबण चार, पाच, क्वचित आठ मिलिमीटरपर्यंत खोल होत जाते. खोल झालेल्या या खोबणीला शास्त्रात 'पॉकेट' असे नाव असून, "तुमचे पॉकेट फार खोल आहे" हे वाक्य कानी पडताच रुग्णाचा हात नकळत पँटच्या मागच्या खिशाकडे जातो. पुढील अंदाजपत्रक पाहता हा हावभाव अगदीच अप्रस्तुत म्हणता येत नाही.

लोकांच्या तोंडी हा रोग 'पायोरिया' म्हणून आहे. तो आधुनिक जीवनशैलीने आणला असे म्हणण्याची सोयही नाही, कारण सुश्रुतसंहितेत दातांच्या मुळाशी होणारे पंधरा रोग सांगितले असून त्यांतल्या दन्तवेष्ट नावाच्या रोगात हिरड्यांतून पू आणि रक्त येऊन दात हलू लागतात, असे स्पष्ट वर्णन आहे. नवे आहे ते मोजमाप. मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक बोथट सळई, जिला प्रोब म्हणतात, ती प्रत्येक दाताभोवती सहा जागी खोबणीत टेकवून डॉक्टर आकडे सांगतात आणि सहायिका ते लिहून घेते; बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत असतील तर हे आकडे १९२ भरतात. "तीन, दोन, तीन, चार, दोन, सहा" असा हा एकसुरी उच्चार आ वासून ऐकताना, मटक्याच्या आकड्यांचा काळ पाहिलेल्या पिढीला काही जुने आठवत असल्यास नवल नाही. फरक एवढाच की येथे मोठा आकडा लागला की नुकसान हमखास खेळणाऱ्याचे.

उपचारांची माहिती थोडक्यात पुरे. दातांवरचे आणि हिरडीखालचे टणक कीटण खरवडून काढणे म्हणजे स्केलिंग, दातांच्या मुळांचा पृष्ठभाग साफ करून गुळगुळीत करणे म्हणजे रूट प्लेनिंग, आणि एवढ्याने भागले नाही तर हिरडी पाकिटाच्या झाकणासारखी उघडून, आत सफाई करून, पुन्हा टाके घालून बसवणे म्हणजे फ्लॅपची शस्त्रक्रिया. नंतर काही आठवड्यांनी फेरतपासणी होते, रक्त थांबलेले असते, सात मिलिमीटरचे पॉकेट चारवर आलेले असते, आणि डॉक्टर समाधानाने विचारतात, "आता काही त्रास नाही ना?" या प्रश्नात सारा घोटाळा आहे. डॉक्टरांच्या मते येथून मेंटेनन्स सुरू होतो. रुग्णाच्या मते 'त्रास नाही' हा शब्दप्रयोग रुग्णालयातून सुट्टी मिळाल्याचा दाखला असतो, आणि दाखला मिळाल्यावर पुन्हा शाळेत कोण जातो?

रुग्ण परत न येण्यास आणखी एक कारण आहे व ते अधिक खोलवर रुजलेले आहे. "क्लीनिंग केले की दात ढिले होतात" हा सिद्धान्त महाराष्ट्रात किती जुना आहे हे सांगणे कठीण असले तरी त्याचा प्रसार कोणत्याही आरोग्य मोहिमेपेक्षा अधिक झाला आहे, आणि त्याचे पुरस्कर्ते प्रत्येक घरात किमान एक, बहुधा आत्या किंवा मोठे काका, या प्रमाणात आढळतात. या सिद्धान्ताला आधारच नाही असेही नाही, ही त्यातली गंमत. हाड झिजल्याने दात आधीच हलू लागलेले असतात, पण दोन दातांच्या मध्ये साचलेले कीटण सिमेंटसारखे त्यांना एकमेकांशी जखडून ठेवते. ते काढले की दातांची खरी अवस्था प्रथमच उघड होते. शिवाय सूज उतरल्याने हिरडी आक्रसते, दात लांब दिसू लागतात, मधल्या फटींतून जीभ फिरू लागते आणि माठातले पाणी मुळांना झोंबते. पडायला आलेली भिंत ज्या राडारोड्याच्या ढिगाला टेकून उभी होती तो ढीग उचलणाऱ्या सफाई कामगारावर भिंत पाडल्याचा ठपका ठेवावा, तसा हा न्याय आहे. पण ठपका ठेवणाऱ्याला भिंत दिसते, पाया दिसत नाही. परिणामी रुग्ण पैसे देऊन, वेदना सोसून आणि बरा होऊनही मनात डॉक्टरांवर दात धरून बाहेर पडतो. मराठीत हा वाक्प्रचार मूळ कोणत्या प्रसंगी निर्माण झाला याचा शोध भाषातज्ज्ञांनी अवश्य घ्यावा.

मेंटेनन्स दर तीन महिन्यांनीच का, या प्रश्नाचे उत्तर शहरी वाचकाला फेरीवाल्यांच्या उदाहरणाने चटकन समजेल. महापालिकेची अतिक्रमणविरोधी गाडी येते तेव्हा पदपथ मोकळा होतो, चालणारे क्षणभर थक्क होतात, आणि गाडी कोपऱ्यावरून वळताच पहिली टोपली, मग ताडपत्री, मग वजनकाटा या क्रमाने बाजार पूर्ववत भरतो. प्लाकचेही असेच असते. दात घासल्यानंतर काही तासांतच सूक्ष्मजीव स्वच्छ पृष्ठभागावर पुन्हा बसू लागतात. प्रथम येणारे बरेचसे निरुपद्रवी असतात, पण ते पुढच्यांसाठी जागा धरून ठेवतात, आणि खोल पॉकेटमधली त्रासदायक मंडळी सफाईनंतर साधारण दोन-तीन महिन्यांत आपली जुनी संख्या गाठतात. वेळेवर न उठवलेल्या थरात लाळेतले कॅल्शियम आणि फॉस्फेट मुरून त्याचे कीटण बनते, म्हणजे ताडपत्रीच्या जागी पक्के बांधकाम उभे राहते. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला हे बांधकाम सर्वांत जोमाने चालते, कारण लाळेच्या मोठ्या ग्रंथींची तोंडे तेथे जवळच उघडतात आणि मालाचा पुरवठा अखंड असतो. पक्के बांधकाम ब्रशने निघत नाही. त्याला अधिकृत पथकच लागते.

या फेरीवाल्यांना पहिल्यांदा पाहणारा गृहस्थ दंतवैद्य नव्हता. हॉलंडमधल्या डेल्फ्ट येथील कापडाचा व्यापारी अँटनी व्हान लेव्हेनहूक याने १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवलेल्या पत्रात स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर स्वतः घडवलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासून त्यात वळवळणारे जीव दिसल्याचे कळवले. हा गृहस्थ रोज सकाळी मिठाने दात घासत असे आणि जेवणानंतर ते कोरतही असे, ही बाब मिठाच्या समर्थकांनी आनंदाने आणि विरोधकांनी काळजीपूर्वक लक्षात घ्यावी, कारण एवढे करूनही जीव दिसलेच. पुढे १९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ निरोगी व्यक्तींना, ज्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी होते, दात घासणे बंद करायला लावले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि पुन्हा घासू लागल्यावर आठवड्याभरात त्या ताळ्यावर आल्या. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना दात न घासण्याबद्दल शास्त्राने शाबासकी दिल्याचा असा दुसरा प्रसंग सहज सापडणार नाही.

रुग्ण गायब होण्याची प्रथा मराठी आहे असे मानून खंत करणाऱ्यांना मात्र एक दिलासा देता येतो. अमेरिकेतील हिरड्यांच्या एका खासगी दवाखान्यात सुमारे हजार रुग्णांवर आठ वर्षे लक्ष ठेवून १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, सांगितल्याप्रमाणे नियमित येणारे १६ टक्के, मनाला येईल तेव्हा येणारे सुमारे निम्मे, आणि उपचार संपल्यावर पुन्हा तोंडच न दाखवणारे ३४ टक्के आढळले. येथे 'तोंड न दाखवणे' हा वाक्प्रचार शब्दशः घ्यावयाचा आहे. तेव्हा चुकारपणा सार्वत्रिक आहे. मराठी माणसाचे त्यातले योगदान आहे ते सबबींचे.

वर्षातून चार फेऱ्या हा हिशेब कागदावर निरुपद्रवी दिसतो, परंतु मराठी पंचांगात अडचणीविना अशी एकही तिमाही नाही. संक्रांतीच्या सुमारास तारीख आली तर तिळाचे लाडू संपेपर्यंत दातांना हात लावण्यात अर्थ नसतो, आणि लाडू संपेतो मार्च महिन्याची हिशेबाची धावपळ सुरू होते. एप्रिल-मेमध्ये मुलांच्या सुट्ट्या, गावची जत्रा, लग्नसराई आणि आंबा. जुलैत पाऊस, लोकल बंद, त्यापाठोपाठ श्रावणातले उपवास, ज्यांच्यात साबुदाण्याची खिचडी चालते पण दवाखाना चालत नाही. मग गणपती, मग पितृपंधरवडा, ज्यात कोणतेही चांगले काम करायचे नसते आणि दात साफ करणे हे या एकाच संदर्भात चांगले काम ठरते. दिवाळीनंतर नक्की येतो असे सांगितले जाते. कोणत्या दिवाळीनंतर, हे दवाखान्यातली ताई विचारत नाही, कारण तिने नोकरीच्या पहिल्याच वर्षी विचारून पाहिलेले असते. तीन महिन्यांची आठवण देणारा तिचा फोन म्हणजे दाताच्या कण्या करणे या वाक्प्रचाराचे सध्या उपलब्ध असलेले सर्वांत जिवंत उदाहरण होय. "काका, तुमची तारीख होऊन गेली," असे ती म्हणते. "अगं, पण आता काही दुखतच नाही," असे काका सांगतात, आणि हिरड्यांचा रोग बहुतांशी न दुखता हाड खातो, हे त्याचे मुख्य लक्षण फोनवर पुन्हा एकदा सिद्ध होते.

घरी करावयाच्या भागाकडे वळल्यास परिस्थिती अधिक रंजक आहे. मऊ ब्रश हिरडीच्या कडेशी तिरपा, साधारण ४५ अंशांत धरून हलक्या हाताने थरथरवावा, ही पद्धत चार्ल्स बास या अमेरिकन डॉक्टरच्या नावाने ओळखली जाते; मराठी घरातली रूढ पद्धत मात्र कढईच्या तळाला घासणी लावण्याच्या पद्धतीशी नाते सांगते आणि 'हार्ड' ब्रशच खरा, अशी तिची धारणा असते. ब्रश तीन महिन्यांनी बदलावा असाही दंडक आहे. येथे हे नोंदवले पाहिजे की मराठी घरात ब्रश निवृत्त होत नाही, त्याची बदली होते: दातांकडून तो केसांच्या कलपाकडे, तेथून निरांजनाच्या आणि समईच्या खाचांकडे, आणि अखेरीस सायकलच्या साखळीकडे जातो, आणि या पुढच्या नेमणुकांवर त्याची कामगिरी पहिलीपेक्षा सरस असते.

दोन दातांमधल्या फटीत कोणताही साधा ब्रश पोहोचत नाही आणि हिरड्यांच्या रुग्णाच्या फटी तर मोठ्या झालेल्या असतात. त्यासाठी बाटली घासण्याच्या ब्रशची चिमुकली आवृत्ती असलेला इंटरडेंटल ब्रश वापरायचा असतो. दात कोरून पोट भरत नाही, अशी म्हण असलेल्या समाजाला हे पटवणे सोपे नाही. वस्तुतः कोरण्याची कला या समाजात कमालीची विकसित आहे: केरसुणीचा हीर, काडेपेटीची काडी, उदबत्तीचे उरलेले टोक, बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन, दोनदा दुमडलेले एसटीचे तिकीट, अशी तिची साधनसंपत्ती मोठी आहे, आणि जेवणानंतर ओसरीवर बसून ती वापरण्यात एक प्रकारची सांपत्तिक प्रतिष्ठाही असते. यांतले प्रत्येक साधन अडकलेला मटणाचा धागा किंवा मेथीचे पान काढते, पण दिसत नाही तो थर तसाच ठेवते, आणि पिन तर हिरडीला नवी जखम देऊन जाते. म्हणीबद्दल बोलायचे तर, कोरून पोट भरत नसले तरी नीट न कोरल्यास पुढे पोट भरण्याचीच पंचाईत होते, ही दुरुस्ती सुचवावीशी वाटते.

तंबाखूचा उल्लेख टाळता येत नाही. तंबाखू तव्यावर भाजून केलेली काळी पूड, म्हणजे मशेरी, ग्रामीण महाराष्ट्रात आणि मुंबईच्या चाळींतही अनेक घरी दात घासण्यासाठीच वापरली जाते, आणि वापरणाऱ्या आजीला "तंबाखू खाता का?" असे विचारल्यास ती मनापासून "नाही" म्हणते, कारण ती खात नाही, लावते. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यावर भारत सरकारने १९९२ साली बंदी आणली. घरच्या तव्यावर तिचा अंमल चालत नाही. धूम्रपान करणाऱ्याची फसगत निराळी: त्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, म्हणून तो स्वतःला इतरांपेक्षा निरोगी समजतो, आणि हाड मात्र इतरांपेक्षा वेगाने झिजत असते.

आपल्याला हे काही लागू नाही असे वाटणाऱ्यांसाठी श्रीलंकेतला अभ्यास उपयोगी आहे. तेथील चहामळ्यांत काम करणारे, दातांची निगा आणि दंतोपचार यांपैकी काहीही न मिळालेले ४८० पुरुष कामगार १९७० पासून १५ वर्षे तपासले गेले. ८ टक्क्यांचा रोग झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांचा मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांचा हिरडीच्या सुजेपलीकडे गेलाच नाही. ज्याला ज्याला हे आकडे सांगावेत तो तो त्या ११ टक्क्यांत मोडतो, असा अनुभव आहे. आजोबांनी राखुंडी लावून नव्वदीत ऊस सोलून खाल्ला, हा पुरावा त्यासाठी पुरेसा मानला जातो. याउलट न्यूयॉर्कमध्ये उपचारांनंतर सरासरी २२ वर्षे मेंटेनन्सला येत राहिलेल्या ६०० रुग्णांची नोंद १९७८ साली प्रसिद्ध झाली, तीत सहांपैकी पाच जणांनी एवढ्या काळात तीनपेक्षा अधिक दात गमावले नव्हते. यांच्या आजोबांविषयी त्या नोंदीत माहिती नाही.

मधुमेही वाचकांसाठी एक व्यवहार्य सूचना आहे. मधुमेहात हिरड्यांचा रोग बळावतो आणि हिरड्यांची सूज रक्तातली साखर आटोक्यात येऊ देत नाही, असे दोन्ही बाजूंनी चालते. आणि ज्या तपासणीला सारा महाराष्ट्र 'तीन महिन्यांची साखर' म्हणतो, ती हेच रुग्ण उपाशीपोटी जायची गरज नसतानाही पहाटे उठून उपाशीपोटी, रांगेत पहिला नंबर लावून करून घेतात. तीन महिन्यांचा काळ किती लवकर संपतो हे त्यांना मुळीच शिकवावे लागत नाही. तेव्हा भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाच्या खाड्यांशेजारी साखरेची तारीख लिहिताना त्याच चौकोनात हिरड्यांची तारीखही लिहिण्यास जागा असते, हे पाहून घ्यावे.

इतर वाचकांनी पाकिटाचा आतला कप्पा तपासावा. तेथे जुन्या एसटीच्या तिकिटामागे दवाखान्याचे घडी पडलेले कार्ड सापडेल, त्यावर पुढच्या भेटीची तारीख असेल, आणि ती बहुधा मागच्या वर्षीची असेल. दवाखाना त्याच जागी आहे, फोन उचलणारी ताईही तीच आहे, आणि थकबाकीवर ती व्याज लावत नाही.